सुभेदारांचा नीलम

"आज उजेड बरा न्हाई, सुभेदार."

भर मे महिन्यात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना चाचा हे सांगायचे. डोळ्यांवर हात धरून आभाळाकडं असे बघायचे, की चूक सूर्याचीच वाटावी. खोटं बोलताना ज्यांचा चेहरा जास्तच पवित्र दिसतो, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सांगलीत माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून चाचांची खोली होती. खड्यांना पैलू पाडायचं काम. माझं भिंग मागून न्यायचे आणि परत देताना त्यालाच नावं ठेवायचे.

कवठे महांकाळचे एक निवृत्त सुभेदार रुमालात गुंडाळून नीलम घेऊन आले. लंकेहून आलेला, जमिनीतून निघाला तसाच. सुभेदारांच्या साडेसातीचा शेवटचा टप्पा चालू होता. द्राक्षबाग गारपिटीत झोपली होती, बायको जिन्यावरून पडली होती आणि मुलगा भरतीत धावताना पाय मुरगळून घरी आला होता. ज्योतिषी म्हणाला, नीलम अंगठीत घाला.

चाचांनी खडा पाण्याच्या ग्लासात सोडला आणि मलाही बघायला बोलावलं. अंगठ्याच्या पेराएवढा, सहा बाजूंचा, दोन्ही टोकांना निमुळता. बॅटरी धरल्यावर आत रेशमासारखे बारीक धागे दिसले.

"भट्टीत तापवला असता तर हे धागे विरघळले असते," चाचा म्हणाले. "ह्याला कुणी हात लावलेला न्हाई. पण निळा रंग बघा, सगळा एका टोकाला. घासला तर निम्म्याहून जास्त भुगा होईल. हाती येईल हरभऱ्याएवढा, तोबी फिका. असाच ठेवा. असा अख्खा लय कमी बघायला मिळतो."

"आवं चाचा, मला काय कपाटात मांडायचाय व्हय? मला शनी आवरायचाय."

चाचांनी दारात जाऊन पहिल्यांदा आभाळाकडं बघितलं.

पुढं कधी उजेड बरा नसे, कधी घासायच्या चाकाचा पट्टा सैल असे, कधी पूड आलेली नसे. एकदा तर सगळंच जागेवर होतं, तेव्हा चाचांच्या हाताला कापरं भरलं. सुभेदार गेल्यावर त्याच हातानं त्यांनी सुईत दोरा ओवला.

सुभेदार मात्र येत राहिले. चहा प्यायचे, मुलाची काळजी सांगायचे, जाताना थोडे हलके होऊन जायचे.

एक दिवस चाचा माझ्या दुकानातल्या पंचांगाच्या कॅलेंडरसमोर उभे दिसले. "शनी रास कवा बदलतो रं?" त्यांनी हळूच विचारलं. मी बघून सांगितलं. चाचांनी बोटांवर महिने मोजले. "निघंल तेवढा वेळ," म्हणाले.

शेवटी सुभेदार चिडले. "जयसिंगपूरला दुसरा माणूस हाय. उद्या तिकडं जातो."

चाचांनी खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. या वेळी चेहरा अजिबात पवित्र नव्हता. "जावा. पण एकदा चाक लागलं की मग मलाबी जोडता यायचा न्हाई. आतापतूर दम काढलाय. अजून थोडा काढा."

सुभेदारांनी खडा परत चाचांकडंच दिला. जयसिंगपूरला गेले नाहीत.

मग एका सकाळी ते पेढे घेऊन आले. साडेसाती सुटली होती. बायको काठीशिवाय चालत होती. मुलगा भरतीत नव्हे, पण कारखान्यात लागला होता. "आता अंगठी कशाला, चाचा? ऱ्हाऊ द्या तसाच."

चाचांनी पेढा तोंडात टाकला, बाहेर बघितलं आणि फार दुःखानं म्हणाले, "आजच उजेड बरा व्हता."

सुभेदारांना असं हसू फुटलं, की समोरचा हळदवाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. जनाज्याच्या नमाजाला सुभेदार डोक्याला रुमाल बांधून शेवटच्या रांगेत उभे होते. हात कधी बांधायचे ते शेजाऱ्याकडं तिरकं बघून ठरवत होते. कबरीवर माती टाकून परतताना ते माझ्याजवळ थांबले.

"लय खोटं बोलला माझ्यासंगं," म्हणाले, आणि डोक्याचा रुमाल सोडून डोळ्यांना लावला.