बाबांच्या अँबॅसिडरवर कटर

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय.

बाबांची जुनी अँबॅसिडर घाटात दमते म्हणून पुतण्या पंकज तिला शहाद्याच्या गॅरेजात घेऊन गेला. मागोमाग मी पोहोचलो, तर मिस्त्री कटर घेऊन उभा! पिकअपचं डिझेल इंजिन मावावं म्हणून बॉनेटखालचा पत्रा कापणार होता. खडूने रेघही मारलेली.

"आबा, आते ती विमानसारखी उडी!" मिस्त्री अहिराणीत म्हणाला. म्हणजे आता ती विमानासारखी उडेल.

"आणि तिचं स्वतःचं इंजिन?"

"भंगारमा. तुमले गाडी चालाडनी शे का पूजनी शे?"

पंकज खदाखदा हसला.

अरे अडाण्यांनो! कवितेतला एक शब्द चुकला तरी आमचे गुरुजी पट्टी उगारायचे. तुम्ही अख्खं कडवंच कापायला निघालात! चांगले ब्रेक, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, नवे टायर बसवा की. ते पान्याने बसतं, पान्यानेच निघतं. जुने भाग खोक्यात जपले की गाडीची किंमतही शाबूत राहते. कापलेला पत्रा काय परत उगवणार आहे?

मी किल्ली हिसकावली आणि निघालो. तापीच्या पुलावर ती ओवीसारखी संथ, सुरेल चालली होती. पंकज मागून एसटीने येतोय.

तुमच्याही घरात असा एखादा सुधारक आहे का? त्याच्यापासून किल्ली कुठे लपवता?