पालकाचा धंदा : चांदीकाम

घोडेगावच्या स्टँडवर एसटी लागली. अण्णांनी माझी बॅग वर चढवली आणि खिडकीपाशी येऊन उभे राहिले. मी पुण्याला आणि तिथून मँचेस्टरला निघाले होते. ते एवढंच म्हणाले, "तिकडं कोन इचारायचं न्हाई, सोनाराची का कुनाची. बरंच हाय." पण माझं लक्ष होतं त्यांच्यामागे उभ्या असलेल्या तुझ्याकडे, संजू. चांदी उजळून काळे झालेले हात तू कंटाळून पँटला पुसत होतास. धाकटा भाऊ म्हणून डोळे भरून यायला हवे होते. मला त्या हातांचा हेवा वाटत होता.

आपल्या घरी टाक घडायचे, लोकांच्या देव्हाऱ्यातले चांदीचे देव. पितळी ठशावर पातळ पत्रा, वर शिशाचा तुकडा आणि बेताचे घाव. पत्रा उचलला की खंडोबा घोड्यासकट उमटलेला असायचा. शेगडी फुंकायला मी चालायची. हातोडी मागितली की अण्णा म्हणायचे, "पोरीचा हात सासरी जातो." आणि तुला मात्र क्रिकेट सोडवून, कान धरून तिथे बसवायचे. पुढे तू मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलंस तेव्हा अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीत म्हणे. मला मात्र बरं वाटलं. मला नाही ना, मग कुणालाच नको.

इथे मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. हीटिंग आहे, पेन्शन आहे, बर्फात चालायची सवय झाली आहे. माझ्यासोबत आलेल्यांनी घरं घेतली, मागे गुलाब लावले, आणि गावाचं नाव काढलं तर त्यांना आठवावं लागतं. त्यांचाही मी हेवा करते. एवढं सुटसुटीत विसरता आलं असतं तर!

मग अण्णा गेल्यावर एका रविवारी व्हिडिओ कॉल केला, तर तुझ्यामागून ठोकण्याचा आवाज येत होता. तुझी लेक गौरी अण्णांच्या जागेवर बसली होती. ठसे घासून लख्ख केलेले, आणि तू कौतुकाने मोबाईल तिच्याकडे फिरवलास. मी 'छान' म्हणाले आणि नेटवर्कचं निमित्त सांगून फोन ठेवला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. कोवळं वय आणि माझं न मिळालेलं आयुष्य, दोन्ही माझ्या भाचीकडे!

म्हणून मी कागद धरले. हातोडी तिची, तर घराणं माझं. सुट्टीला आले तेव्हा शाळेची जुनी रजिस्टरं पाहिली. सध्या जो तो जातीसाठी जुने दाखले शोधतोय, त्यामुळे हेडमास्तरांना नवल वाटलं नाही. आजोबांच्या तीन मुलांची नावं सापडली. समोर 'पालकाचा धंदा' हा रकाना, म्हणजे तिन्हीकडे आजोबांचाच. थोरल्या काकांपुढे चांदीकाम, मधल्यांपुढे घड्याळ दुरुस्ती, आणि आपल्या अण्णांपुढे कारखान्यात वजनकाट्यावर. गुंजा तोलणारा माणूस उसाच्या गाड्या तोलायला बसला. अण्णांचं बोलणं आठवलं, "दुष्काळात लोकं देव मोडायला घिऊन आली. तवा आजोबा दुकानावरनं जे उठले ते उठलेच." ठसे मात्र त्यांनी विकले नाहीत, कारखान्यातून घरी आल्यावर अण्णांना शिकवलं. आजोबांनी तीन धंदे केले आणि गाव सोडलं नाही. मी एकच केला आणि सगळंच सोडलं. मेलेल्या माणसाचाही हेवा करता येतो, हे मला तिथे कळलं.

मोठ्या कागदावर वंशावळ मांडली, नाव आणि पुढे धंदा, आणि ऐटीत गौरीपुढे ठेवली. तिने बोटाने आजोबांपासून तुझ्यापर्यंत रेघ ओढली.

"आत्या, यात तू कुठं हाय?"

वंशावळीत मुलगेच लिहितात, भाट असो की तलाठी. मीही न विचार करता तशीच लिहिली होती. स्वतःच्या हाताने.

"तुलाच तू दिसली न्हाईस," ती म्हणाली, "मग आन्नांवर कशाला चिडती?"

कान सोनारानेच टोचावे लागतात, खरं आहे. तिने हातोडी माझ्या हातात दिली, पत्रा लावून दिला. आयुष्यभर मनात मारलेला घाव मी मारला आणि पत्रा टरकन फाटला. गौरी हसली नाही. हसली असती तर मला राग तरी धरता आला असता.

मग मी पेन घेतलं. शुभदा, रक्त तपासणी. तुझ्या नावाखाली गौरीचं नाव लिहिलं आणि थांबले. तो शब्द मला हवा होता संजू, अजून हवा आहे. तरी लिहिला.

तो फाटका पत्रा इथे माझ्या देव्हाऱ्यात आहे. घर कुठे, असं कुणी विचारलं की मी घोडेगावच सांगते. तिथे तुझ्या दुकानात तो कागद लावला आहे. आजोबांपुढे चांदीकाम, गौरीपुढे चांदीकाम, आणि दोन्हीकडे अक्षर माझं.