सोवळ्यातला लॅपटॉप

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस उभ्या सोलापुरात नाही, आणि असलाच तर मामांना त्याच्यावरही संशय असणार. दाराला कुलूप लावलं की ते ओढून बघतात, जिना उतरतात, परत चढून ओढून बघतात, आणि रिक्षात बसल्यावर मामींना विचारतात, "कुलूप लावलं का नाही?" सगळी हयात गिरणीत स्टोअरकीपर म्हणून गेली. गिरणी बंद पडून जमाना झाला, तरी मामांची नजर अजून गोदामाच्या दारावरच असते. लग्नानंतर पहिल्यांदा शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी जेवायला गेलो, तर निघताना त्यांनी माझ्या पिशवीकडे असं काही बघितलं की मी न सांगता ती उघडून दाखवली. आत त्यांनीच दिलेली शेंगाचटणी होती. "असू दे, न्या," म्हणाले. जसं काही माझ्यावर भरलेला खटला मागे घेतला!

मामांचा एकुलता एक मुलगा परदेशात असतो. तो गेला तेव्हा बापलेकांचं असं काही वाजलं होतं की पुढं कित्येक वर्षं फोनवर "बरं हाय का?" "बरं हाय." "आईला देतो," एवढ्यावर काम भागायचं. मामी रडायच्या, मामा खिडकीतून बाहेर बघायचे. मग एका दिवाळीला मुलगा आला आणि जाताना अंगठ्याएवढं एक यंत्र मामांच्या हातात ठेवून गेला. पेनड्राइव्हसारखं दिसणारं, इवल्याशा पडद्याचं. पठ्ठ्यानं बचत सगळी इंटरनेटवरच्या आभासी नाण्यांत घातली होती, आणि त्या नाण्यांची किल्ली म्हणजे हे यंत्र. म्हणाला, "अप्पा, कुणावरच विश्वास न ठेवणारा तुमच्यासारखा माणूस माझ्या बघण्यात नाही. हे तुमच्याकडंच राहू दे." मामांचं एवढं कौतुक जन्मात कुणी केलं नव्हतं.

आता कुलूप लावलं की ओढून बघायला नको? म्हणून दर रविवारी ते यंत्र लॅपटॉपला जोडून "माल जागेवर हाय का" बघायचं, असं मामांनी ठरवलं. जोडताना कशी काळजी घ्यायची ते मुलगा फोनवरून सांगायचा. मुलानं चार नियम सांगितले, मामांनी त्यांचं सोवळं केलं. यंत्रासाठी लॅपटॉप वेगळा. त्यावर दुसरं काही उघडायचं नाही, सिनेमा नाही, बातम्या नाहीत. वायर यंत्राबरोबर आलेली तीच. दुसरी शिवली की विटाळ. रविवारी मामा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बसायचे. खिडकीचा पडदा ओढायचा, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मामींची टिकली लावायची, आणि वीज हलू नये म्हणून मामींनी मिक्सर बंद ठेवायचा. मामी मूळच्या दुधनीच्या, अर्ध्या कानडीत वैतागायच्या. "अय्यो, महादेवाला कधी एवढं केलं नाही हो ह्यांनी!"

एकदा मी तिकीट छापायला म्हणून माझा पेनड्राइव्ह त्या लॅपटॉपला लावायला गेलो. मामांनी माझं मनगट धरलं. "जावईबापू, हा कुठं कुठं फिरून आलाय?" "ऑफिसात, झेरॉक्सवाल्याकडं..." "आणि तसाच घरात घेताव?" मग तो पेनड्राइव्ह दाराबाहेर, चपलांच्या शेजारी ठेवावा लागला. हसू नका, खरंच ठेवला.

पण कहर केला तो वाट्यांनी. यंत्र बिघडलं तर उपयोगी पडावेत म्हणून चोवीस इंग्रजी शब्द असतात. ते ज्याच्या हाती लागले त्याची नाणी. कॉम्प्युटरवर कधी टाइप करायचे नाहीत, फोटो काढायचा नाही. कागद भिजतो, वाळवी लागते. मामांनी डोकं चालवलं. आपण भांड्यांवर नाव घालतो की नाही, तसे स्टीलच्या वाट्यांवर एकेक शब्द आकड्यासकट घालून घेतले. तेही एका दुकानात नव्हे, दर वाटीला वेगळं दुकान. एक दुकानदार म्हणाला म्हणे, "मामा, लोक सुनेचं नाव घालतात. तुम्ही वाटीवर 'टायगर' काय घालालाव बे?" मामांनी वाटी पिशवीत घातली. आणि मामींना त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, हीच चूक झाली. मामींनी एक दिवस त्यातल्याच एका नव्या वाटीतून शेजारच्या अक्कांना आमटी पाठवली.

मामांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. वाटी परत मागायचीही सोय नाही, कारण मागितली तर संशय येणार. आणि आपल्याकडं कुणी रिकामी वाटी परत करत नाही! अक्कांच्या घरी काही चांगलंचुंगलं होईपर्यंत मामा गॅलरीत खुर्ची टाकून बसले. शेवटी वाटी गुळाच्या पोळीच्या चुऱ्यानं भरून आली. मामांनी तो खाऊन, वाटी धुऊन, 'टायगर' बघून डोळे पुसले. रविवारी हे मुलाला सांगितलं, तर तो तिकडं इतका हसला की मामाही हसायला लागले. आत कढईत उलथनं हलवता हलवता मामी थांबल्या. बापलेक एकत्र हसलेले त्यांनी किती तरी वर्षांनी ऐकले होते.

मग यंदा मुलानं तिकडं घर घ्यायचं ठरवलं. नाणी सगळी विकायला पाठवायची होती. त्या रविवारी मी तिथंच होतो. जिथं पाठवायचं तो पत्ता म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक माळ. ती लॅपटॉपवर आणि यंत्राच्या पडद्यावर सारखीच आहे का ते बघूनच बटण दाबायचं. मामा एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लागले.

मुलगा फोनवरून म्हणाला, "अप्पा, लोक पहिली चार आणि शेवटची चार बघतात."

"तुला घाई हाय का?"

"नाही."

"मग सगळी वाचू की."

आणि त्यांनी सगळी वाचली, सावकाश. पलीकडून मुलगा प्रत्येक अक्षराला "हं" म्हणत होता. बटण दाबल्यावर पडद्यावर शून्य आलं. मामांनी यंत्र काढलं, वायर गुंडाळली. "झालं," म्हणाले. आता रविवारी हा माणूस करणार काय?

पुढच्या रविवारी मुद्दाम गेलो. मामा आंघोळ करून धूतवस्त्र नेसून बसलेले, समोर लॅपटॉप, शेजारी ते रिकामं यंत्र. मी म्हटलं, "मामा, आता त्यात काय राहिलंय?" ते वायर पुसत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला.

"अप्पा, त्या यंत्राला म्हणे नवीन काहीतरी अपडेट आलंय. जरा जोडून बघता का?"

मामांनी घसा साफ केला. "थांब जरा. गडबड करायची नाही." मग आत वळून ओरडले, "अगं, मिक्सर बंद कर की!"

मिक्सर बंदच होता. मामींनी आतून "केला हो, केला," म्हटलं, आणि मी उठून पडदा ओढला.