नको म्हणणारे पूरग्रस्त

आता तुम्ही घरचेच, म्हणून सांगते. आमच्या गल्लीत कुणी हळू बोललं की माझ्या हातातलं काम आपोआप थांबतं. त्यात माझा काय दोष? भिंतीच तसल्या पातळ!

तर शेजारची उज्ज्वला फोनवर बोलत होती. पोरगी नुकतीच एका संस्थेत लागलेली. पुराबिरात मदत करणारी संस्था. "काकू, उद्या पुण्याच्या मॅडम माझं काम बघणार हायत. जमलं तर कायम, न्हायतर घरी," असं तिनं सकाळीच चहा पिताना सांगितलेलं. आता भिंतीतनं आलं ते असं: "उद्या धा वाजता शाळेत पूरग्रस्त येणार. चाळीस-पन्नास माणसं. अंगावरच्या कपड्यानिशी भाईर पडलेली…"

आणि नेमकी माझ्याच कुकरची शिट्टी! पुढचं सगळं वाफेत गेलं.

पण मला अर्धं पुरतं.

"अवो, पूर आलाय!" मी आमच्या ह्यांना सांगितलं.

ह्यांनी पेपरातनं डोकं वर काढलं. "मे महिन्यात? पंचगंगेत म्हसरं गुडघाभर पाण्यात बसल्यात की."

"गडहिंग्लजकडं आला आसंल."

"तिकडं काय येगळं आभाळ हाय?"

"मग धरण सोडलं आसंल! तुम्ही पेपर वाचा."

मागच्या पुरात खालच्या गल्लीतली माणसं आमच्या सोप्यात राहिली होती. तो चिखल, तो वास अजून नाकात आहे. गप्प कशी बसणार? घरोघरी फिरले. सकाळी उठून बघते तर गल्लीभर भाकऱ्या थापल्याचा आवाज! पिठलं, हिरव्या मिरचीचा खर्डा, कांदे, सगळं रिक्षात घातलं आणि शाळा गाठली.

झाडाखाली माणसं बसलेली. गाठोडी जवळ, तोंडं उतरलेली. समोर छातीला बिल्ले लावलेली तरणी पोरं एकेकाला काहीतरी विचारत होती. विचारत! पोटात अन्न नसलेल्या माणसाला!

"सरका बाजूला! आधी पोटाला, मग चौकशा!"

पुढंच पटका बांधलेले एक आजोबा होते. म्हणाले, "नको बाई, जेवलोय आम्ही."

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं पावणा नको म्हणाला तर काय करतात? वाढतात! पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसरं मानाचं. चौथ्यांदा म्हणाला तर विचार करायचा.

"लाजू नका पावणं. घर आपलंच समजा."

"बाई, आमास्नी संडास कुठं हाय ते सांगा."

"सांगते की! आधी येवढा घास खावा."

आणि खर्ड्याचा चांगला गोळा भाकरीवर ठेवला. बिचाऱ्यांनी घास घेतला आणि डोळ्यांना धारा! मला भरून आलं. पाठीवरनं हात फिरवत म्हटलं, "रडू नका. घर परत उभं ऱ्हातंय."

"पाणी… पाणी…"

"व्हय हो, पाण्यानंच घात केला तुमचा!"

एवढ्यात उज्ज्वला धावत आली. तोंड पांढरंफटक. पण ओरडली नाही हं. आधी आजोबांना तांब्या दिला, मग माझ्या हातातली भाकरीची बुट्टी काढून घेतली आणि मला सावलीत बसवलं.

"काकू, ह्यास्नी काय पायजे ते इचारलासा काय?"

"त्यात इचारायचं काय?"

"ते जेवल्यात असं ठरलंय. बायकांच्या मोरीला कडी न्हाय, हे त्यांचं दुखणं. आमच्या पोरांनी ते बोलून बोलून काढायचं हुतं. शिक्षण चाललंय काकू! माणशी पाणी किती, संडास किती, झोपायला जागा किती, मदतीचे नियम असत्यात."

"मग पूर?"

"खोटा. ही सगळी आमचीच माणसं. ते आजोबा बँकेत कारकून हायत."

कारकून दुसरा तांब्या तोंडाला लावत होते.

माझं एक वेळ जाऊ दे. पण पोरीची नोकरी? मॅडम वही मिटून आमच्याकडंच येत होत्या. मी हात जोडले. "मॅडम, आगाऊपणा माझा. हिला काढू नका."

"हिला कशी काढू?" मॅडम म्हणाल्या. "एवढ्या जोरात आलेली मदत हिनं न दुखावता थांबवली. ते अजून आमच्या शिकवण्यातसुद्धा नाही."

मग त्या पोरांकडं वळल्या. "ताईंचं काय काय चुकलं?"

सगळे हात वर! विचारलं नाही. रांग मोडली. बायामाणसांना मागं ठेवलं. नको म्हटलेलं ऐकलं नाही.

"आणि बरोबर काय केलं?"

सगळे हात खाली! शेवटी कारकून नाक पुसत म्हणाले, "भाकरी मऊ होती."

पण ऐका. पूर खोटा, आजोबा खोटे, जेवलोय म्हणणंही खोटं. दुपारची भूक तेवढी खरी निघाली. बुट्टीत चतकोर उरला नाही. उज्ज्वला कायम झाली.

दुसऱ्या दिवशी नळावर बातमी: आक्का, म्हणजे मी, आता गडहिंग्लजच्या कार्यकर्त्यांना शिकवायला जाणार! बातमी पसरवली कुणी ते विचारू नका. मॅडमनी मला बोलावलं होतं, एवढं खरं. फक्त बोलावताना म्हणाल्या होत्या, "ताई, आज जे केलंत तेच तिथं करायचं. कृपा करून काही सुधारू नका."