निरोप आतच घ्या

आखातातल्या आमच्या करामा भागातल्या इमारतीतले 'दारवाले' सावंत कुणालाही दारात उभं राहून निरोप घेऊ देत नसत. चहा झाला, पाहुणा उठायला लागला, की हे त्याला आधी परत बसवायचे. "काय बोलायचंय ते इथेच बोला. निरोप आतच घ्या. दार उघडलं की यल्ला, चला, सरळ लिफ्ट." आता मराठी माणसाच्या खऱ्या गप्पा सुरू होतात त्या चपला घालताना. एक हात कडीवर ठेवून "बरं, आठवलं म्हणून सांगतो" करत आपण अर्धा तास सहज काढतो. सावंतांनी नेमका तोच हक्क काढून घेतला होता, म्हणून त्यांना 'दारवाले' हे नाव पडलं. माझी बायको पहिल्या खेपेला पार रुसली. "हाकलल्यासारखं वाटलं," म्हणाली.

या सगळ्याचं कारण होती रेवा, त्यांची सहा वर्षांची मुलगी. हाक मारली तर ती वळून बघायची नाही, पण शेजारच्या घरात कुणी नळ सोडला तर हातातलं टाकून उठायची. टाचा उचलून चवड्यांवर चालायची. बाटल्यांची झाकणं रंगांप्रमाणे ओळीत मांडत बसायची आणि त्यातलं एखादं कुणी सरकवलं तर कान दाबून किंचाळायची. 'आई' म्हणत नव्हती, पण मेट्रोतल्या बाईच्या आवाजात, तिच्याच ठेक्यात, 'डोअर्स क्लोजिंग' म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गंमत वाटली होती. धोका म्हणजे काय हे मात्र तिला कळत नव्हतं. दार किलकिलं दिसलं की ती निघायची, आणि जायची ती पाण्याकडे.

ऑटिझम कशामुळे झाला यावर इमारतीत सगळेच डॉक्टर होते. कुणी मोबाइलला दोष द्यायचं, कुणी सुनंदावहिनींच्या नोकरीला, तर कुणी दृष्ट लागली म्हणायचं. सावंत शांत माणूस, पण यावर उखडायचे. "डॉक्टरांनी सांगितलंय, तिच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी आहे. त्यात हिच्या आईचा काय दोष? खलास. आता कुणी दारात उभं नाहीये ना, तेवढं बघा."

थेरपीच्या बाईंनी त्यांना एक लाल पंजा दिला होता. उघडा तळहात छापलेलं चित्र, आतल्या बाजूने दारावर रेवाच्या उंचीला चिकटवायचं. दारापाशी आली की तिने त्याला हात लावायचा, थांबायचं, आणि मोठ्या माणसाने हात धरला की मगच पुढे. ऐकायला सोपं वाटतं. ऑफिसातून आल्यावर सावंत बूटही न काढता तिच्याबरोबर हा खेळ खेळायचे. हात लाव. थांब. शाब्बास. महिनेच्या महिने ती पंजाकडे ढुंकून बघत नव्हती. मग एका संध्याकाळी तिने हात लावला आणि थांबली. सावंत धावत आमच्याकडे आले आणि दार ओलांडण्याआधीच रडायला लागले. मला हा माणूस तेव्हापासून फार आवडायला लागला.

त्यांची आई कणकवलीकडून व्हिजिट व्हिसावर आली तेव्हा मात्र मला धास्ती वाटली. म्हातारी मायाळू, रेवावर जीव टाकणारी; पण पंजा बघून तिचा चेहरा उतरला. "दारार हो हात कित्याक? इलेल्या माणसाक दारातच थांब म्हणान सांगूचा?" गावी त्यांचं दार दिवसभर उघडं असायचं आणि समोर अंगणात विहीर. तिचं पाणी कसं हाताला लागतं हे ती कौतुकाने सांगायची. सावंत ऐकताना ताटाकडे बघत राहायचे.

ती परत निघाली त्या दिवशी सावंत स्वतःचाच नियम विसरले. आई उंबऱ्याबाहेर गेली, पाया पडायचं राहिलं म्हणून ते वाकले, तिने डोक्यावर हात ठेवला, आणि वहिनी बॅगेत लाडवाचा डबा कोंबत बसल्या. दारात इतकी गर्दी, की रेवाला पंजा दिसलाच नाही. ती गच्चीवरच्या स्विमिंग पूलच्या काठावर सापडली, पाय पाण्यात. वॉचमनने तिला मागून धरलं होतं. "साब, ये तो कूदने वाली थी," तो म्हणाला.

त्यानंतर वर्षभरात सावंतांच्या कंपनीने पगार कापले. थेरपी आणि घरभाडं दोन्ही झेपेना. इथे बहुतेकांचं जे होतं तेच झालं, फॅमिली गावी गेली आणि सावंत अल कुसैसला बॅचलर खोलीत. जाण्याआधी ते आमच्याकडे आले आणि सोफ्यावर बसूनच निरोप घेतला. "पंजे दिलेत बरोबर," म्हणाले. "प्रत्येक दाराला एक." मी दारापर्यंत गेलो नाही.

गेल्या रविवारी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. व्हिडिओ कॉल चालू होता. वहिनींनी फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. समोर रेवा झाकणं मांडत होती, मागे उघडं दार आणि त्यात ऊन. कुणी पाहुणे उठले. वहिनी आणि म्हातारी त्यांना पोहोचवायला अंगणाच्या टोकापर्यंत गेल्या असाव्यात, हसण्याचे आवाज लांब गेले. रेवा उठली आणि चवड्यांवर दाराशी गेली.

दारावर किंवा चौकटीवर, कुठेच पंजा नव्हता. आम्हाला दोघांनाही ते दिसलं.

तरी तिने हात वर केला आणि पंजा असायचा त्या उंचीला, चौकटीच्या कोऱ्या लाकडावर ठेवला. थांबली. "रेवा, थांब! सुनंदा! अगं, तिचा हात धर कुणीतरी!" सावंत फोनवर ओरडत होते, आपला तळहात कॅमेऱ्यासमोर धरत होते. ती वळली नाही. बराच वेळ थांबली. मग "डोअर्स क्लोजिंग" म्हणाली आणि बाहेर गेली.

वहिनींची किंकाळी ऐकू आली, मग पळणारी पावलं. त्यांनी तिला विहिरीच्या कठड्यावरून उचलून आणलं. रेवा कोरडी होती. तिने खाली बसून पुढचं झाकण ओळीत ठेवलं.

सावंतांनी एवढंच विचारलं, "दार लावलं का?"

"दिसाढवळ्या?" म्हातारीचा आवाज आला. "येणारो-जाणारो काय म्हणतलो?"