मेन बंद, स्टँडबाय चालू

आमच्या रेडिओ रिले केंद्राच्या खोलीत दोन अ‍ॅम्प्लिफायर आहेत, एकावर एक बसवलेले. वरचा मेन, खालचा स्टँडबाय. मेन बिघडला की शेजारचा कंट्रोलर काही सेकंद वाट पाहतो आणि खट् करून अँटेना खालच्याला जोडतो. ऐकणाऱ्याला गाण्याच्या मध्ये एक उचकी लागल्यासारखी वाटते, बस. भंडारा शहरात कुणाच्या हातातला घास थांबत नाही.

गेल्या पावसाळ्यात जवळच कुठेतरी वीज पडली आणि मेन गेला. उचकी लागली, स्टँडबाय सुरू झाला, तो आजतागायत सुरूच आहे. बदल आपोआप होतो, दुरुस्ती आपोआप होत नाही. तिच्यासाठी नागपूरहून पार्ट यावा लागतो. मी फोन करते. तिथले साहेब विचारतात, "मॅडम, प्रोग्राम जाऊन राहिला ना?" मी म्हणते, "हो सर, जाऊन राहिला." "मग टेन्शन काहून घेता?" आणि फोन ठेवतात. प्रोग्राम बंद पडला असता तर दुसऱ्या दिवशी जीप दारात आली असती. यंत्र गुणी असण्याचा हा तोटा मला नोकरी लागताना कुणी सांगितला नव्हता.

ही सगळी चिडचिड मी घरी येऊन आईजवळ काढायचे. आईला लकवा झालेला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आंधळगावच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी करताना सगळ्या बायांना हसवणारी ही बाई आता वरणभाताचे चार घास खाऊन दमते. आधी ती वरठीला धाकट्या भावाकडे होती. तो तिथल्या कारखान्यात आहे. त्याच्या बायकोचं बाळंतपण आलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, चार दिवस माय तुह्याकडे राहू दे." ते बाळ आता घरभर पळतं, पण चार दिवस काही संपले नाहीत. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे मी मोकळी आहे असा आमच्या सगळ्या गोतावळ्याचा ठाम समज आहे. सकाळी आईला उचलायचं, धुवायचं, पुसायचं, भरवायचं, शेजारच्या काकूंच्या हवाली करायचं आणि केंद्र गाठायचं. संध्याकाळी तेच उलट्या क्रमाने. मला राग यायचा. तिचा नाही, पण यायचा.

त्यात माझं स्वतःचं दुखणं निघालं. अंगावरून फार जायचं, चालताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयाची पिशवी काढावी लागेल, फार लांबवू नका, आणि नंतर दीड-दोन महिने पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मी हसले. बादलीचं काय घेऊन बसलात, मी रोज आई उचलते.

भावाला फोन केला.

"बाबू, मले ऑपरेशन सांगतलं. मायले काही दिवस घेऊन जाशील का?"

"ताई, आता तिले तिथलीच सवय झाली. बरं चालून राहिलं ना तिचं?"

"चालून त राहिलं."

"मंग थोडं थांब नं. पोरगा जरा मोठा होऊ दे."

मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, मी वरठीला बोलत होते की नागपूरच्या साहेबांशी?

त्या संध्याकाळी आईला भरवताना मी मशीनचंच गाऱ्हाणं घेऊन बसले होते. स्टँडबायचा पंखा आता घरघरतो, कॅबिनेटला हात लावला तर चटका बसतो. आईने घास गिळला आणि विचारलं, "मंग त्या दुसऱ्याले... समजत नाई का?"

कंट्रोलरबद्दल विचारते आहे हे माझ्या लक्षात आलं. मी तिला समजावलं. त्याला पंख्याची घरघर ऐकू येत नाही. पॉवर किती बाहेर पडते तेवढंच त्याला दिसतं. पॉवर पूर्ण असली की मशीन ठणठणीत, मग आत ते जळत का असेना. पॉवर पडली, बिघाड दिसला, तरच तो हलतो.

"म्हंजे बरं हाय म्हनलं... त मेलं," आई म्हणाली. आम्ही दोघी हसलो. तिचं हसू तोंडाच्या एकाच बाजूला येतं.

पुढे दोन-चार दिवसांनी भर दुपारी केंद्रावर भावाचा फोन आला. आवाज चढलेला.

"ताई, माय मले रडत सांगून राहिली. तू तिले टाइमवर जेवाले देत नाही. ओल्या कपड्यात पडून राहते म्हणते. तुह्याकडून असं वाटलं नव्हतं."

आईच्या उशाशी बटणांचा जुना फोन मीच ठेवला होता, एक बटण दाबलं की भावाला लागेल असा, अडीअडचणीला. तो तिने माझ्याचविरुद्ध लावला. सुट्टी टाकून घरी आले. रस्ताभर मनात तिला नाही नाही ते बोलले. आजवर केलेलं सगळं पाण्यात गेलं होतं.

ती डोळे उघडे ठेवून पडली होती. अंगावर सकाळी मी नेसवलेलं कोरडं लुगडं होतं.

"मी तुले उपाशी ठेवते?"

"नाई."

"मंग काहून सांगतलं तसं?"

तिला वेळ लागला. एकेक शब्द ओढून काढावा लागतो तिला. "तू त्याले... चालून राहिलं... चालून राहिलं... म्हनत जातेस. मंग कोन येते?" थांबली, दम खाल्ला. "तुह्या मशीनवानी. खराब दाखवा लागते." आणि डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाली, "त्याले सांगू नको."

तिच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवून ठेवलं होतं. त्या दिवशी ते राहिलं नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडून पुढच्या आठवड्यातली तारीख घेऊन आले.

रविवारी भाऊ मित्राची गाडी घेऊन आला. चहासुद्धा घेतला नाही. आईचं गाठोडं, औषधांची पिशवी, उशी गाडीत ठेवली आणि मग तिला दोन्ही हातांवर उचललं. त्याला उचलता येत नव्हतं नीट. पाठ कुठे धरायची, मान कशी सांभाळायची, हे मला सांगावं लागलं. दारात थांबून तो म्हणाला, "तुह्याच्यानं होऊन नव्हतं राहिलं, त आधी सांगाचं होतं ताई."

सांगितलं होतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. आई त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"हो बाबू," मी म्हटलं. "नव्हतं होऊन राहिलं माह्याच्यानं."

आईची लबाडी पुढे रेटते आहे, एवढंच म्हणताना वाटलं होतं. गाडी वळणाआड गेली. मी दार लावलं, आईच्या रिकाम्या खाटेला धरून खाली बसले, आणि मला उठता येईना. मी भावाशी खोटं बोलले नव्हते.