मानचिन्हाला ओरखडा नाही

"खांदा तुमचा ठणठणीत आहे," दौंडच्या सर्जनबाई म्हणाल्या. "पोटात रक्त साचलंय. प्लीहा फाटली असावी."

जो खांदा मी शेकत, चोळत होतो आणि ज्याला शिव्या देत होतो, तो निर्दोष निघाला. प्लीहा म्हणजे स्प्लीन. डाव्या बरगड्यांच्या आड बसलेला, मुठीएवढा, रक्ताने भरलेला अवयव. सत्तरी येईपर्यंत मी त्याची कधी विचारपूस केली नव्हती. तुमच्या घरात कुणी पडलं, आपटलं, तर उपयोगी पडावं म्हणून ही हकिगत लिहितो आहे.

केंदूरच्या वाचनालयात मी अनेक वर्षं ग्रंथपाल होतो. गावाने माझा सत्कार ठरवला. स्टेजवरच्या सोफ्यांवर कोणी कुठं बसायचं, यावर आठवडाभर बैठका झाल्या. स्टेज किती माणसं पेलेल, यावर एकही झाली नाही. नाव न घेतलेला माणूस वर्षभर रुसतो, म्हणून निवेदकाने दिसेल त्याला वर बोलावलं. माझ्या अंगावर शालींचे थर चढले. हातात मानचिन्ह आलं. जाड सागवानी पाटावर बसवलेलं पितळी पुस्तक. फोटोसाठी सगळे मला खेटले आणि स्टेज डाव्या अंगाने खाली बसलं.

मी मानचिन्ह छातीशी कवटाळून पडलो. त्याला ओरखडाही आला नाही. याचं गावाला फार कौतुक.

"जीव गेला तरी दाजींनी सोडलं न्हाई बघा!" माझा मेहुणा बबन भेटेल त्याला सांगत होता.

शिरूरच्या दवाखान्यात माझ्यासोबत अख्खी सत्कार समिती आली. डॉक्टर मला विचारत होते आणि समितीचे अध्यक्ष आप्पा उत्तरं देत होते. "काय न्हाई डॉक्टरसायेब, खांद्याला जरासं लागलंय. स्टेज तसं मजबूत व्हतं." मीही मान हलवली. गळ्यात अजून हार असताना पोटाची तक्रार करणं बरं दिसत नाही. शिवाय पोट दुखत नव्हतंच. दुखत होता डावा खांदा.

खांद्याचा एक्सरे चांगला आला. खबरदारी म्हणून पोटाची सोनोग्राफी केली, तीही चांगली आली. त्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. सुरुवातीला झिरपणारं थोडंसं रक्त सोनोग्राफीत दिसेलच असं नाही, हे मला नंतर कळलं. "पोट दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच या," असं त्यांनी बजावलंही होतं. पण खांदा दुखला तर काय, हे आम्ही विचारलं नाही.

विश्रांतीसाठी मुलगी रेखा मला दौंडला घेऊन गेली. खांदा चोळायला तेलाची बाटली घेऊन बबनही आला. आडवा झालो की खांद्यात कळ यायची, उठून बसलो की कमी व्हायची. बबनकडे याचं स्पष्टीकरण तयार होतं. "झोपल्यावर त्याच्यावर वजन येतंय, दाजी. बसूनच ऱ्हावा." मी भिंतीला टेकून पेंगत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. अंगाला गार घाम सुटला. "पित्त असंल," मी म्हणालो. रेखाने ते ऐकून घेतलं आणि रिक्षा बोलावली.

सर्जनबाईंनी माझा हात वर, मागे, गोल, सगळीकडे फिरवून पाहिला. कुठेच कळ आली नाही. दुखणाऱ्या खांद्याने असं निमूट वागणं त्यांना पटलं नाही. ब्लडप्रेशर जरा कमी होतं, नाडी मात्र शांत. रक्तस्राव होत असेल तर नाडी धावायला हवी.

"बीपीची कोणती गोळी घेता?" त्यांनी विचारलं. रेखाने नाव सांगितलं. "हा बीटा ब्लॉकर. ही गोळी हृदयाला पळू देत नाही. म्हणजे नाडीच्या बोलण्यावर आपण विसंबायचं नाही."

मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो तोवर कोणालाही सुचला नव्हता. "पडलात तेव्हा हातात काय होतं?"

"मानचिन्ह!" दारातून बबन ओरडला. "आन् सोडलं न्हाई!"

"कुठं धरलं होतं?"

मी हात डाव्या बरगड्यांवर ठेवला. त्यांनी तिथेच हलकं दाबलं आणि मी टेबलावरून उडालो.

"इथं वळ कसा नाही?"

"शाली होत्या," मी म्हणालो. सन्मानाचा एवढाच उपयोग झाला, की पुरावा झाकला गेला.

बाईंनी नंतर समजावलं, की सांडलेलं रक्त छाती आणि पोटामधल्या पडद्याला खालून डिवचतं. त्या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याच्या नसांच्या शेजारून. मेंदू पत्ता चुकतो आणि खांद्याला दुखणं कळवतो. आडवं झालं की रक्त पडद्याकडे सरकतं, म्हणून कळ वाढते. त्यांनी तिथंच सोनोग्राफी केली. तिला फास्ट म्हणतात. पोटात रक्त आहे का, एवढंच ती झटपट बघते. होतं. सीटी स्कॅनमध्ये फाटलेली जागाही दिसली.

रेखाचा चेहरा उतरला. "आता काढून टाकणार?"

"गरज पडली तर लगेच. तयारी ठेवली आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "पण प्लीहा जंतूंशी लढते. ती वाचत असेल तर मला वाचवायची आहे. रक्तस्राव आपोआप थांबतो का, हे आयसीयूत बघू. थांबला नाही, तर तुम्हाला विचारत बसणार नाही."

मग वाट पाहणं. रक्ताची एक पिशवी लावली. पुन्हा पुन्हा हिमोग्लोबिन तपासायचे. आधी ते उतरलं, आणि काचेपलीकडच्या रेखाकडे बघणं मी टाळलं. नंतर ते एका जागी ठरलं. पुढच्या तपासणीतही तेवढंच. बाई रिपोर्ट हातात घेऊन म्हणाल्या, "आज ऑपरेशन नाही. उद्याही नसावं." कोणतंही मानपत्र मी इतक्या लक्ष देऊन ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर आप्पा समितीसह भेटायला आले. येताना शाल आणि स्टेज बसल्यामुळे द्यायचं राहून गेलेलं दुसरं मानचिन्ह घेऊन आले. माझ्या बायकोने त्यांना उंबऱ्यातच अडवलं. "आप्पा, शाल द्या. ते माघारी न्हेऊन ठेवा. डॉक्टरनी ह्यांना वजन उचलू नका म्हटलंय."

"आवो वैनी, हे हलकं हाय," आप्पा ओशाळून म्हणाले. तरी ते परत गेलंच. पहिलं आमच्या दाराला टेकू म्हणून आहे. दार अजिबात आपटत नाही.

तेव्हा, तुमचं माणूस पडलं तर दवाखान्यात गर्दी नेऊ नका, आणि नेलीत तर तिला बोलू देऊ नका. कुठं दुखतंय एवढंच सांगू नका; कसे पडलात, अंगाखाली काय आलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, तेही सांगा.

परवा दौंडला शेवटची तपासणी झाली. बाईंनी मला उताणं झोपवलं, सोनोग्राफी केली आणि विचारलं, "खांदा?"

मी थोडा वेळ थांबून पाहिलं. काहीच नव्हतं.

"गप्प आहे," मी म्हणालो. त्या पुढच्या पेशंटला बोलवायला उठल्या, तरी मी आणखी क्षणभर तसाच पडून राहिलो. इतकं सपाट पडून राहण्यात एवढं सुख असतं, हे मला ठाऊक नव्हतं.